‘लिंक केलं का?’ म्हणजे नेमकं काय केलं?

केळीचा चीक हाताला लागला की साबणाने जात नाही, आणि कपड्यावर पडला तर तो कपडा शेतातच वापरायचा. आमच्या आप्पांचे दोन्ही अंगठे चाळीस वर्षांच्या चिकाने काळपट आणि खरबरीत झालेत. सेवा केंद्रातल्या त्या काडेपेटीएवढ्या काचेला ते काही केल्या ओळखू येईनात. केंद्रवाल्या पोराने काच रुमालाने पुसली, मग आप्पांना अंगठा कपाळावर घासायला लावला. घामाने-तेलाने जरा ओलसर झाला की उठतो म्हणे. पाचव्या खेपेला उठला. मग फोनवर आलेला ओटीपी आप्पांनी भरल्या केंद्रात, पार रांगेच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला.

“झालं आप्पा. फार्मर आयडी येईल तुमचा. सातबारा लिंक झाला.”

बाहेर चहाच्या टपरीवर आप्पांनी मला विचारलं, “लिंक झाला म्हणजे काय झालं रे भाऊ?”

मी जळगावात पंधरा वर्षं कॉम्प्युटरचंच काम करतो. तरी चहा संपेपर्यंत मला धड उत्तर देता आलं नाही. ते उत्तर इथे सावकाश लिहितो आहे, कारण प्रश्न एकट्या आप्पांचा नाही. फार्मर आयडी, रेशनकार्डाची ई-केवायसी, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, पोरांचा ‘अपार’ क्रमांक, पॅनला आधार, बँकेला मोबाईल... गेल्या काही वर्षांत गावातल्या प्रत्येक माणसाने निदान पाच-सहा वेळा काहीतरी कशाला तरी लिंक केलेलं आहे. कशाला आणि कशासाठी, हे मात्र बहुतेकांना कुणी सांगितलेलं नाही.

आधी वही समजून घेऊ

डेटाबेस हा शब्द ऐकून दचकायचं कारण नाही. रकाने आखलेली वही, एवढाच त्याचा अर्थ. तलाठ्याकडे एक वही, बँकेत एक, शाळेत एक, कंट्रोलवर म्हणजे रेशन दुकानात एक, आरटीओत एक. या वह्या पूर्वीही होत्याच. त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, कारण प्रत्येकीत माणूस वेगळ्या नावाने बसलेला होता. सातबाऱ्यावर ‘रमेश नाना पाटील’, बँकेत ‘पाटील आर. एन.’, शाळेच्या दाखल्यावर ‘रमेश नानाभाऊ’, आणि कंट्रोलच्या यादीत नुसता ‘रमेस’. गावात असे पाच रमेश पाटील. कोणता कोण हे तलाठ्याला तोंडपाठ, कॉम्प्युटरला मात्र अजिबात कळत नाही.

मग यावर तोडगा काय? प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक सगळ्या वह्यांत लिहायचा. दोन वह्यांत एकच क्रमांक असला की त्या दोन वह्या एकाच दोऱ्याने शिवता येतात. ही शिवण म्हणजेच लिंक. आधार, मोबाईल नंबर, पॅन, फार्मर आयडी हे सगळे असे दोरे आहेत.

यात आपल्या खान्देशाचा मान पहिला आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो दिल्ली-मुंबईत नाही, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली गावात. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी तिथे आले होते. तेव्हा सांगितलं गेलं ते साधं होतं: ज्याच्याकडे ओळखीचा एकही कागद नाही, त्याला ‘मी मी आहे’ हे सिद्ध करता येईल. पाड्यावरच्या, ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जाणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नव्हती. ओळखपत्र म्हणून सुरू झालेला हा क्रमांक पुढे हळूहळू दोरा झाला.

आता शेतीचं बघा. केंद्राच्या मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी डिजिटल कृषी अभियान मंजूर केलं, २,८१७ कोटी रुपयांचं. त्यातल्या ‘अ‍ॅग्रीस्टॅक’मध्ये मुख्य तीन वह्या आहेत: शेतकरी कोण, गावाच्या नकाशावर त्याचा तुकडा कुठे, आणि त्या तुकड्यात या हंगामात पेरलं काय. तिसरी वही आपण स्वतःच भरतो, ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर केळीत उभं राहून फोटो काढून. महाराष्ट्रात ती २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून सुरू आहे. आप्पांचा अंगठा उठला तेव्हा या वह्या त्यांच्या आधारशी शिवल्या गेल्या. राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून हा शेतकरी क्रमांक लागतो, त्यामुळे ‘मला नको’ म्हणण्याची सोय कागदावर असली तरी बांधावर नाही.

स्थळाची चौकशी

लिंक केल्याने होतं काय, हे समजायला लग्नाचं उदाहरण पुरे. मुलीसाठी स्थळ आलं की आमच्याकडे चौकशी निघते. एक मामा मुलाच्या गावच्या किराणा दुकानदाराला गाठतो: उधारी किती, फेडतो का. दुसरा बँकेतल्या ओळखीच्या शिपायाकडे जातो. तिसरा सातबारा काढतो आणि ‘इतर हक्कात’ सोसायटीचा बोजा किती ते बघतो. आत्या मुलाच्या बहिणीच्या सासरी चहाला जाते. आठ-पंधरा दिवसांनी सगळे एका ओसरीवर बसतात आणि तुकडे जुळवतात. सुटा तुकडा बघितला तर कशातच काही नसतं. जुळवले की कुटुंबाचं पूर्ण चित्र उभं राहतं, कधीकधी त्या कुटुंबालाही माहीत नसलेलं.

हे जुळवणं महाग होतं. एसटीचं भाडं, चार माणसांचे पंधरा दिवस. म्हणून ते आयुष्यात एक-दोनदा, लग्नासारख्या कारणासाठीच व्हायचं. कॉम्प्युटरने तो खर्च जवळपास शून्यावर आणला. आता पूर्ण तालुक्याची ‘स्थळाची चौकशी’ एका दुपारी होऊ शकते, कुणाच्या घरी चहाला न जाता. आणि चौकशी झाली हे ज्याची झाली त्याला कळतही नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख इथे आहे. माहिती कुणी घेतली यापेक्षा ती कशाला जोडली, यावर माझा जास्त डोळा असतो.

“मन्हाकडे दपाडासारखं शे तरी काय?”

हे आमच्या काकूंचं वाक्य. माझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेणारे शहरी लोक मला आवडत नाहीत. गावात खाजगी असं फारसं काही नसतंच. कुणाच्या चुलीवर कळण्याची भाकरी आणि कुणाकडे शेवभाजी, हे वासावरून गल्लीला कळतं. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाने कोणत्या पतसंस्थेचं कर्ज थकवलं, सगळं पारावर येतं.

पण पारावरच्या माहितीला काही लगाम असतात. ती दोन्ही बाजूंनी चालते: काकूंबद्दल शेजारणीला माहीत, तसं शेजारणीबद्दल काकूंना माहीत, म्हणून दोघीही जपून बोलतात. ती विसरली जाते. १९९५ साली कुणी थकवलेल्या हप्त्याची आज कुणाला आठवण नाही, आणि त्याच्या मुलाला कर्ज मिळायला अडत नाही. आणि चुकीचं काही पसरलं तर समोर जाऊन भांडता येतं. कॉम्प्युटरच्या वहीतलं काकूंबद्दलचं सगळं तिकडे दिसतं, तिकडचं काकूंना काहीच दिसत नाही. ती वही मुद्दाम पुसल्याशिवाय विसरत नाही. आणि भांडायला जावं तर समोर एक पोरगा बसलेला असतो, तो म्हणतो, “सिस्टीममध्ये असंच दाखवतंय, मी काय करू?”

आप्पांचंच सांगतो. आयडी काढल्यानंतर आठवड्याभरात त्यांना फोन सुरू झाले. ठिबकवर सबसिडी हवी का, ट्रॅक्टर घ्यायचा का, सोन्यावर कर्ज हवं का. एका बाईने तर चक्क विचारलं, “केळी किती एकर आहे सर?” आप्पा खूष, आपल्याला सर म्हणाली म्हणून. माझ्या डोक्यात वेगळं चाललं होतं. हा नंबर कुठून गेला असेल? सरकारी नोंदणीतून गेला असं मी म्हणणार नाही, तसा कोणताच पुरावा माझ्याकडे नाही. तो खताच्या दुकानातल्या बिलावरून गेला असेल, एखाद्या शेतीच्या अ‍ॅपमधून, मोबाईलच्या दुकानातून, नाहीतर केंद्राच्या टेबलावर दिवसभर उघड्या पडलेल्या नोंदवहीतून. बारा ठिकाणी आपण नंबर दिला आणि तेराव्याने फोन केला, तर बारांपैकी कोण फुटलं हे शोधायला मार्गच नाही. लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसालाही हे विचारायचा हक्क असायला हवा की बाई, केळीचं तुम्हाला कुणी सांगितलं?

नाव काढून टाकलं की झालं ना?

कंपन्या आणि सरकारं हे उत्तर नेहमी देतात: आम्ही नावं काढून टाकतो, उरते ती नुसती आकडेवारी. यावर अमेरिकेतला एक जुना किस्सा सांगण्यासारखा आहे. नव्वदच्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या दवाखान्याच्या नोंदी, नावं-पत्ते काढून, संशोधकांना दिल्या गेल्या. राज्यपाल विल्यम वेल्ड यांनी लोकांना सांगितलं, खाजगीपण सुरक्षित आहे. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. राज्यपाल राहत त्या केंब्रिज गावाची मतदार यादी त्यांनी २० डॉलरला विकत घेतली. यादीत राज्यपालांची जन्मतारीख असलेले सहाच जण होते, त्यांतले पुरुष तीन, आणि राज्यपालांच्या पिनकोडात राहणारा एकच. दवाखान्याच्या नोंदींतही जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड होतेच. राज्यपालांचे आजार आणि औषधं, सगळं समोर. पुढे २००० साली स्वीनींनी दाखवलं की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येण्यासारखे आहेत.

आपल्याकडे जन्मतारखेचा हा डाव जरा फसेल. आप्पांच्या पिढीतल्या गावच्या गाव लोकांचा वाढदिवस १ जून आहे! शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकून दिली, आणि नकळत सगळ्यांचं खाजगीपण जपलं. पण गुरुजींची ही कृपा गट नंबरपुढे चालत नाही. ‘चोपडा तालुका, तापीकाठचं अमुक गाव, केळी चार एकर, ठिबक, वय सत्तरच्या आसपास’ एवढं लिहा आणि नाव काढून टाका. गावातलं शेंबडं पोरही सांगेल, हे आप्पा.

सातबारा तर आजही कुणालाही ऑनलाइन बघता येतो, आणि ते योग्यच आहे; जमीन कुणाची हे उघड असलं तर फसवणूक कमी होते. मात्र सातबारा उघडा असणं वेगळं, आणि सातबारा, मोबाईल, बँक खातं, पीक आणि अंगठा हे सगळं एका दोऱ्यात असणं वेगळं.

धंद्यात याचा उपयोग कसा होतो

आधी चांगली बाजू. किसान क्रेडिट कार्डाचं कर्ज म्हणजे सातबारा, आठ-अ, थकबाकी नसल्याचे बेबाकी दाखले, वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि बँकेच्या दहा खेपा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये एक प्रयोग सुरू केला, त्याला आता ‘युनिफाइड लेंडिंग इंटरफेस’ म्हणतात. यात बँक, शेतकऱ्याच्या संमतीने, जमिनीच्या नोंदी आणि इतर माहिती थेट मागवते. सुरुवातीला १ लाख ६० हजारांपर्यंतची पीक कर्जं त्यात घेतली होती. कागद गोळा करण्यात जाणारे आठवडे वाचले, तर जूनमध्ये सावकाराच्या ओट्यावर बसायची वेळ टळते. हा फायदा कुणी नाकारू नये.

आता दुसरी. पैसे देणारा जेव्हा पूर्ण चित्र बघतो, तेव्हा तो फक्त ‘द्यायचं की नाही’ ठरवत नाही, ‘कितीला द्यायचं’ हेही ठरवतो. केळीच्या व्यापाऱ्याचं बघा. बागेत आल्यावर तो घड बघतो, पण त्याआधी तो तुमचा चेहरा बघतो. माल कापायला आलाय, पुढचे चार दिवस थांबणं शक्य नाही, मुलीचं लग्न तोंडावर आहे, हे त्याला कळलं की बोर्डावर जाहीर झालेला भाव काही असो, तुमचा भाव तिथेच पडतो. म्हणून शहाणा शेतकरी गरज चेहऱ्यावर दिसू देत नाही. ज्याच्या हातात तुमच्या सगळ्या वह्या आहेत, त्याला चेहरा बघायची गरजच उरत नाही.

कर्ज देणाऱ्या काही अ‍ॅपांनी तर ताळतंत्र सोडलं. पाच हजारांसाठी फोनमधली सगळी नंबरांची यादी घ्यायची आणि हप्ता चुकला की साल्याला, सासऱ्याला, शाळेतल्या सरांना फोन लावायचे. २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अ‍ॅपांना फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी यांना हात लावू नका असं स्पष्ट बजावलं. नियमात बसणारी अ‍ॅप ते मानतात. जी नियमातच नाहीत, ती लिंक धाडून अजूनही फिरतात. आणि ती ‘लिंक’ वेगळी बरं का, तिच्यावर बोट ठेवायचं नाही.

शाळेतलं

‘अपार’ हा विद्यार्थ्यांचा १२ अंकी क्रमांक. गुणपत्रिका, दाखले, क्रेडिट असं सगळं आयुष्यभर एका ठिकाणी राहावं ही कल्पना. शाळा बदलताना दाखल्यासाठी घालाव्या लागणाऱ्या खेटा ज्यांनी घातल्या, त्यांना ती पटेल. क्रमांकासाठी पालकांची संमती लागते, म्हणजे संमती नाकारताही येते. प्रत्यक्षात दप्तरातून फॉर्म येतो, ‘उद्या सही करून आणा’ अशी सूचना असते, आणि आपण सही करतो. सर तरी काय करणार, त्यांच्यावर वरून टक्केवारी पूर्ण करण्याचा दट्ट्या असतो.

इथे माझी भीती ‘विसरण्या’शी जोडलेली आहे. सहावीत गणितात नापास झालेलं, आठवीत तीन महिने ऊसतोडीला गेल्यामुळे गैरहजर राहिलेलं पोर पुढे तहसीलदार होऊ शकतं, कारण त्याची सहावी कुणी काढून बघत नाही. ती सहावी एका क्लिकवर आली, तर कुणीतरी बघेलच.

यादीतून नाव गळालं तर

लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली, महिन्याला १,५०० रुपये. अटी अशा: कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात सरकारी नोकर नको, चारचाकी नको, ट्रॅक्टर चालेल. आधी अर्ज भराभर मंजूर झाले, मग वह्या एकमेकींना लावायला सुरुवात झाली. अर्जदारांची यादी वाहनांच्या नोंदींशी, सरकारी नोकरांच्या यादीशी. २०२५ मध्ये ई-केवायसी आली, त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं. का? कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं तर कुटुंब शिवायला हवं.

यात गैर काय? चुकीची माणसं पकडली जातात, पैसा वाचतो. मलाही तेच वाटतं. पण वहीला वही लावताना चूक झाली तर ती कुणाच्या पदरात पडते, हे बघा. वेगळं राहणाऱ्या दिराची गाडी जुन्या रेशनकार्डामुळे भावजयीच्या नावाशी जोडली गेली, असं समजा. हप्ता बंद झाला की तिला एवढंच कळतं की पैसे आले नाहीत. कारण कोणत्या वहीत आहे, ती वही कोण सुधारतो, हे सांगणारं खिडकीवर कुणी नसतं. पूर्वी तलाठी चुकला तर तलाठ्याला धरता येत होतं.

केळीच्या विम्याचंही तसंच. हवामानावर आधारित फळपीक विम्यात थंडीने बाग किती करपली हे बागेत येऊन बघत नाहीत. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पारा ठरलेल्या खाली, ठरलेले दिवस उतरला का, एवढंच बघतात. यंत्र लाच खात नाही, हा मोठाच फायदा. पण केंद्र उंचावर आणि आप्पांची बाग नाल्याच्या खोलगटात, जिथे पहाटे थंडी साचते. यंत्राचा आकडा खरा आणि आप्पांची करपलेली पानंही खरी. यंत्राने निकाल द्यायला माझा विरोध नाही. त्या निकालावर माणसाकडे दाद मागायची खिडकी मात्र हवी.

कायदा आहे ना पण?

आहे. पाया घातला तो सर्वोच्च न्यायालयाने. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. याचिका होती कर्नाटकातले निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टास्वामी यांची. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार टिकला, पण मर्यादा आल्या: सरकारी अनुदान आणि पॅनसाठी चालेल, बँक खातं, सिमकार्ड किंवा शाळाप्रवेश यांसाठी सक्तीचं करता येणार नाही. ‘आधारशिवाय सिम मिळणारच नाही’ असं दुकानदार म्हणाला, तर ती सोय त्याची आहे, सक्ती कायद्याची नाही.

मग ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. मूळ कल्पना चांगली आहे. माहिती कशासाठी घेता ते सांगा, तेवढ्यासाठीच वापरा, काम झालं की पुसा, फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवा. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती घ्या आणि त्यांच्या मागावर राहून जाहिराती दाखवू नका. माहिती नीट राखली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत.

वाचताना मला काही ठिकाणी ठेच लागली. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत मागता येईल. मराठी आहे, उत्तम. अहिराणी नाही. भिली नाही, पावरी नाही. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटीच्या वर होते, आणि संस्कृत ही मातृभाषा सांगणारे २५ हजारांच्या आत. सातपुड्यातल्या धडगावच्या बाईला संमतीचा कागद संस्कृतात मागायचा हक्क मिळेल, तिच्या भाषेत नाही!

दुसरी ठेच: अनुदान, दाखले, परवाने देण्यासाठी सरकारला बऱ्याच बाबतीत संमतीची गरजच ठेवलेली नाही. म्हणजे गावाचा ज्याच्याशी रोजचा संबंध, त्याच्याशीच हा कायदा मऊ. तिसरी: २५० कोटींचा दंड जातो सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागायची माहिती तंत्रज्ञान कायद्यात एक वाट होती, कलम ४३-अ. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ती बंद होते.

आणि लागू होण्याचा क्रम बघा. आपले हक्क नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात. पण याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या एका कलमात केलेली दुरुस्ती लगेच, नोव्हेंबर २०२५ पासून. पूर्वी ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून एखादी गोष्ट नाकारताना अधिकाऱ्याला तिचा जनहिताशी संबंध नाही हे बघावं लागायचं. आता त्या कलमात ‘वैयक्तिक आहे’ एवढं पुरतं. घरकुलाच्या यादीत सरपंचाचा पुतण्या कसा आला, असं कुणी विचारलं तर ‘वैयक्तिक माहिती’ हे उत्तर मिळण्याची भीती आहे. जनहितासाठी माहिती देता येईल असं सांगणारं दुसरं कलम, ८(२), शिल्लक आहे. अर्ज करणाऱ्यांनी ते आता पाठच करावं. आमची वही त्यांना उघडी आणि त्यांची वही आम्हाला बंद, असं व्हायला नको.

मग सगळं बंद करायचं का?

छे. आप्पांना अनुदान हवं आहे, काकूंना रेशन, मला पगार. लिंक तोडून रानात जाणं परवडणारं नाही. मी घरात एवढंच सुरू केलं आहे. झेरॉक्स द्यायची तर ‘मास्क’ केलेलं आधार द्यायचं, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. मूळ झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर पेनाने आडवं लिहायचं: ‘फक्त अमुक कामासाठी’, खाली तारीख. ओटीपी स्वतः टाकायचा, आणि टाकण्याआधी मेसेजमध्ये कुणी आणि कशासाठी मागितलाय ते वाचायचं. अंगठ्याने पैसे न काढणाऱ्यांनी आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा ठसा, लॉक करून ठेवायला हरकत नाही. दस्त नोंदणीच्या कागदांवरून ठसे उचलून खाती रिकामी केल्याची प्रकरणं देशात घडली आहेत. आप्पांना मात्र दर महिन्याला कंट्रोलवर अंगठा लागतो, त्यांच्यासाठी हे लॉक म्हणजे रोजची कटकट. त्यांचं उघडंच ठेवलं. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, हा नंबर दाराच्या मागे खडूने लिहून ठेवलाय.

आणि एक काम मी प्रत्येकाला सुचवतो, कारण त्याने डोळे उघडतात. ‘माय आधार’ संकेतस्थळावर आपलं आधार कुठे कुठे तपासलं गेलं याचा सहा महिन्यांचा हिशेब बघता येतो: तारीख, वेळ, अंगठा की ओटीपी, आणि कुणी. परवा संध्याकाळी ओट्यावर बसून आप्पांचा उघडला. एकेक ओळ मी वाचत गेलो, ते हुंकार देत गेले. ही कंट्रोलची. हो. ही बँकेतली. हो, पीक कर्जाला गेलो होतो. ही सेवा केंद्रातली, तुमच्यासोबत मीच होतो. मग एक ओळ आली, पोळ्याच्या आदल्या दिवसाची, दुपारी पावणेतीनची, ओटीपीने. समोर एका संस्थेचं नाव, आम्ही दोघांनीही कधी न ऐकलेलं.

आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. “पोळ्याच्या आदल्या दिशी तं मी बैल धुवाले नदीवर होतो,” ते म्हणाले. “फोन घरी होता.”

सोमवारी आधारच्या १९४७ या नंबरवर फोन लावून विचारायचं ठरलं आहे.